पंप शांत झाला

लॅबमध्ये सगळे तिला 'पंपाबाई' म्हणत. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पीएचडीसाठी तिने घेतलेला पंप वेग वाढला की थरथरायला लागायचा आणि ती थरथर काही केल्या जात नव्हती. "ताई, पंप सुधारेपर्यंत तू म्हातारी होशील," असं भाऊ चिडवायचा. घरचेही आता विचारेनासे झाले होते. तिच्या पाठीशी उभे राहिले ते एकटे गाईड सर.

गेल्या वर्षी सरांना मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, पण माणसांची ओळख पुसट होत गेली. आणि नेमका आता, पात्यांचा कोन बदलल्यावर, पंप भर वेगात गुमान फिरला. आलेखाचा कागद घेऊन तिने तडक सरांचं घर गाठलं.

"आज बरे आहेत गं, बस त्यांच्याजवळ," काकू म्हणाल्या.

सरांनी चष्मा चढवला, आलेखाच्या रेघेवरून सावकाश बोट फिरवलं. चेहरा उजळला. "थरथर गेली की हो! पात्यांचा कोन बदललात ना? वा!"

तिचा ऊर भरून आला. सरांना सगळं कळत होतं.

मग त्यांनी कागदाची नीट घडी घालून तो तिच्या हातात दिला आणि आवाज खाली आणला.



"एक विनंती करू का तुम्हाला? माझी एक विद्यार्थिनी याच कामापायी वर्षानुवर्षं जीव जाळतेय. कुणीतरी तिच्या आधी पोचलं, हे तिला एवढ्यात कळू देऊ नका."