सरकणारं पेडल

डिजिटल पियानोचं सुटं पेडल लेकीच्या पायाखालून सारखं पुढे सरकायचं. मग ती ओरडायची, "पेडलवाले, पळालं बघा!" आणि बाबा हातातलं काम टाकून पियानोखाली शिरायचा, ते दोन्ही हातांनी धरून आडवा पडायचा. बाबा वारल्यापासून पियानो मुकाच होता. आईनं मन घट्ट केलं, स्टँडला बसणारं तीन पेडलांचं युनिट आणलं आणि पियानोखाली आडवी होऊन स्वतःच बसवलं. एकेक स्क्रू तिनं दातओठ खाऊन आवळला. "ये गं राणी, वाजव. आता जागचं हलणार नाही." लेकीनं तिन्ही पेडलं दाबून पाहिली. एकही तसूभर सरकलं नाही. तिचा चेहरा कसनुसा झाला. "काढ ना ते, आई. पेडल सरकलंच नाही, तर बाबा धरायला कशाला येईल?" आई पुन्हा खाली शिरून स्क्रू उलटा फिरवू लागली. तो काही केल्या हलेना.