सात दिवसांच्या गोळ्या

“तुझा दादा अजून जेवायला कसा नाही आला?” आईने सकाळपासून पाचव्यांदा विचारलं.

धाकटीने शिलाई मशीन थांबवलं. दादाला जाऊन आठ महिने झाले होते. लिफ्ट दुरुस्त करायला गेला, तो तिथूनच गेला. काल आईने पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिने खरं काय ते सांगून टाकलं. आई धाय मोकलून रडली, अगदी नव्याने. तासाभरात पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच रडणं. तिसऱ्या वेळी लेकीने हात टेकले. “कामावर गेलाय, येईल,” म्हणाली. आई खूश. त्याचे मोजे वाळत घालायला सांगितले, रिकाम्या खुर्चीशी मनसोक्त गप्पा मारल्या. म्हातारी कायमची हातची गेली, असंच धाकटीने धरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी लघवी तपासायला पाठवली. “वेडबिड काही नाही. लघवीत जंतुसंसर्ग झालाय. या वयात कधी कधी जळजळ नसते, माणूस एकदम भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो. पाणी पितात का?”

कुठलं पाणी! गुडघ्यांनी दगा दिलेला. बाथरूमला न्यायला लेकीला मशीनवरून उठवावं लागतं, म्हणून बाईसाहेबांनी महिनाभर घोटावरच भागवलं होतं.

सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. बरं वाटलं तरी एकही चुकवायची नाही, अशी ताकीद मिळाली. धाकटी घड्याळ बघून गोळी द्यायची, पाणी पाजायची, दर वेळी धरून न्यायची. शिवायचे कपडे साचत गेले. साचू देत. तिला तिची आई परत हवी होती, बस.

चौथ्या दिवशी आईने फणी मागितली. “पडदा किती कळकट झालाय गं,” म्हणाली. धाकटीला रडूच कोसळलं.

आई बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिली.

“तो नाहीये ना गं?”

“नाही, आई.”

“मग मी त्याच्याशी बोलत होते ते?”

“आजारातलं होतं ते. पाणी पीत नव्हतीस, त्यातूनच झालं सगळं. आता नीट पीत जा.” धाकटीने पेला पुढे केला.

“पाणी न प्यायल्यानं?” आईने पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

“हो गं.”

आईने पेला हातात घेतला. रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि पेला भरलेला तसाच लेकीला परत दिला.