मानेवरचं औषध

धाकट्या जावेची एकेक तऱ्हा! मधल्या भिंतीपलीकडे राहायचं, दिवसभर खाकरून हजेरी लावायची, पण थोरल्या जावेशी बोलायचं म्हणून नाही. थोरलीही कमी नव्हती. "आधी ती तोंड उघडेल, मग मी," असं तिनं घरात बजावून ठेवलं होतं.

त्यात थोरलीच्या मांजरीच्या मानेवरचे केस गळून कातडं लालभडक झालं. तिनं अंथरूण बदललं, मासे बंद केले, सुनेला फैलावर घेतलं, तरी गुण येईना. शेवटी डॉक्टर वैतागले, "आजी, पिसवांचं औषध दुप्पट घालताय तुम्ही!"

"दुप्पट कशाला घालू? वेड लागलंय का मला?" म्हणत ती तणतणत घरी आली.

पिशवीतून सोडताच मांजरीनं भिंतीवरून पलीकडे उडी टाकली. थोरलीनं स्टुलावर चढून डोकावलं. धाकटी मांजरीला मांडीवर घेऊन, "माझी छकुली गं," करत तिच्या मानेवर तेच औषध ओतत होती.



"ए भवाने, ठेव ती बाटली! आपण दोघी तोंड शिवून बसलो, अन् साल निघाली या मुक्या जिवाची!"