पाणघोड्यांचं जेवण

“आज बोलायचंच,” थोरला कठड्याला टेकून पुटपुटला. धाकट्याने जोरात मान डोलावली आणि तो हळूच मागे सरकला.

आई तळ्याकडे पाहत होती. पाण्यात पाणघोडे एकमेकांना खेटून पडले होते. एकाची हनुवटी दुसऱ्याच्या पाठीवर, दुसऱ्याची तिसऱ्याच्या. मधूनच एखादा कान फडफडवायचा, तेवढीच काय ती हालचाल.

दोन्ही सुनांना वेगळी चूल हवी होती. त्यात नवल काही नव्हतं. एका ओट्यापाशी दोघींचं रोज वाजायचं. मीठ कुणी जास्त घातलं, दूध कुणी उतू घालवलं, यावरून आठवडा आठवडा अबोला. घर मोठं होतं, जागेची अडचण नव्हती. अडचण आईची होती. वेगळ्या चुलीचं नाव काढलं तर ती अंथरूण धरेल, अशी दोघा भावांची खात्री होती. शिवाय ती जेवणार कुणाकडे, हा घोळ होताच. थोरला म्हणायचा धाकट्याकडे, धाकटा म्हणायचा आलटूनपालटून. बाहेर मोकळ्या हवेत आई ऐकून घेईल, असा धाकटीचा होरा होता. म्हणून आज सगळे प्राणिसंग्रहालयात आले होते.

“यांना कुणी खायला घालत नाही का हो?” आईने विचारलं.

तळ्याचा काठ पाइपने धुणारा राखणदार हसला. “दिवसा हे नुसते लोळतात, आजी. अंधार पडला की बाहेर निघतात, मागच्या कुरणात. रात्री चरतात आणि उजाडायच्या आत परत पाण्यात.”

“सगळे मिळून चरतात?”

“छे! ज्याचा तो. पिल्लू तेवढं आईच्या मागे असतं. चरताना यांना शेजारी कुणी लागत नाही. सकाळी मात्र बघा, पुन्हा असे एकमेकांच्या अंगावर.”

आई कठड्यावरून आणखी पुढे वाकली.

अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. थोरल्याने घसा खाकरला. “आई, आम्ही काय म्हणत होतो... आपल्याकडेही चुली वेगळ्या केल्या तर? तू मनाला लावून घेऊ नकोस हं.”

धाकटीने डोळे मिटून घेतले. थोरलीने पर्समधून पाण्याची बाटली काढली. सासूबाईंना चक्कर आलीच तर हाताशी असावी म्हणून.

“कधी करायच्या?” आईने विचारलं.

“तू म्हणशील तेव्हा. दोन ओटे बांधू, बस्स. तू कुणाकडे जेवायचं ते तूच ठरव.”

“दोन नको, तीन बांधा,” आई म्हणाली. “लग्न झाल्यापासून दुसऱ्यांच्या चवीचं जेवतेय मी. तुम्हाला सोसायचं नाही, म्हणून बोलले नव्हते.”