काणूक

मास्तर चिखलात पालथे पडले होते. आठ दिवस ते दुर्बिणीतून तळ्याकाठचं गवत पिंजून काढत होते आणि घरटं काही सापडत नव्हतं. बदक मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. कबुतराएवढं, पांढरं तोंड, नराच्या गळ्यात काळी पट्टी. काणूक! पुस्तकातलं चित्र त्यांनी बायकोला तीनदा दाखवलं होतं. आता ती याच तळ्यावर पिल्लं काढते, एवढं सिद्ध झालं की मास्तर गंगेत न्हाले.

मागे करवतवाला येऊन उभा राहिला. "मास्तर, हेच ना ते वाळकं झाड? पाडायचा अर्ज तुमचाच आहे."

"हेच. मधेच येतं मेलं, पलीकडचं गवत दिसत नाही. जरा दमानं घ्या, पाखरं बुजतील."

झाडाखाली बसलेल्या मास्तरीणबाई चहाचा थर्मास घेऊन उठल्या. "अहो, तुमची ती काणूक आत्ता या झाडात शिरली. वरच्या ढोलीत."

"बदक आहे ते, पोपट नाही," मास्तर मान न वळवता म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, एवढ्यात थोडाच ऐकणार!

बाईंनी वाद घातला नाही. पिशवीतून पुस्तक काढलं, चित्राचं पान उघडलं आणि उलटलं. आठ दिवसांत ते कुणी उलटलंच नव्हतं. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "घरटे: पाण्याजवळच्या जुन्या झाडाच्या ढोलीत."

तेवढ्यात करवत घुरघुरली.

मास्तर असे धावले की एक चप्पल चिखलातच राहिली. "थांबा! अहो, थांबा!" म्हणत ते खोडाला आडवे झाले. करवत बंद झाली, तशी ढोलीतून एक तपकिरी डोकं बाहेर आलं, तिघांकडे रागाने बघून पुन्हा आत गेलं. मास्तरांना इतका आनंद झाला, की त्यांनी बायकोसमोर चक्क कान पकडले.

"ते ठीक आहे," करवतवाला खिशातून कागद काढत म्हणाला, "पण ऑफिसात काय सांगू? झाड का पाडलं नाही, ते इथं लिहावं लागतं."

मास्तरांनी कागद घेतला, खोडावर टेकवला आणि फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं, "आत बिऱ्हाड आहे."