डावीकडची बासरी

शाळेतून रिटायर झाल्यावर मनोरमा लॅपटॉपवर संगीत बनवायला शिकत होती. सुरुवातीला तिचे सगळे आवाज एकमेकांवर आदळायचे. आज मात्र तिला ते सुटे करायला जमलं. तबला उजव्या कानात, बासरी डाव्या. आनंदाच्या भरात तिने पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला हेडफोन लावला. “बासरी कशी वाटतेय?” “तबला एकदम बढिया आहे. पण बासरी कुठेय?” विष्णूजी म्हणाले. तिने बासरीचा आवाज वाढवला, आणखी वाढवला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. हेडफोन बिघडला असेल म्हणून तिने तो उलट्या बाजूने लावून पाहिला. “अरे वा, आली बासरी! आता तबला गेला,” ते म्हणाले आणि घाईघाईने हेडफोन काढू लागले. मनोरमाने त्यांचा हात धरला. “अहो, डाव्या कानाने ऐकू येत नाही तुम्हाला? कधीपासून?” “पोलोग्राउंडच्या कारखान्यात पत्रे कापायच्या मशीनवर होतो ना, तेव्हापासून. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. मग राहूनच गेलं.” रात्री उजव्या कुशीवर वळून, चांगला कान उशीत दाबून झोपलेल्या या माणसाला ती वर्षानुवर्षं मनातलं सांगत आली होती. उत्तर येत नाही, म्हणजे यांना आपली पर्वाच नाही, असं धरून तिने शेवटी बोलणं सोडलं होतं. “मनू, रागावलीस?” ती उठून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली, पण इतक्या वर्षांचं कुठून सांगायला लागावं, ते तिला कळेना.