परत न येणारे पाय

"माझ्या कार्यशाळेत काम करणारी ही"

ही कोण? मामांचं पेन अडलं. भाची लिहावं तर वशिला वाटेल. कामगार लिहावं तर घरी तोंड दाखवायची सोय नाही.

"सदर कर्मचारी प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ"

मामीने मागून डोकावून वाचलं. "मनमिळाऊ? अहो, हे पत्र आहे की स्थळाची माहिती? उंची आणि रंगही टाका."

"तू जरा गप्प बस." मामांनी कागदाचा बोळा केला.

टेबलापलीकडे भाची उभी होती. पर्स खांद्याला, डोळे घड्याळावर. मोठ्या रुग्णालयात कृत्रिम पाय बनवायच्या कामावर तिची निवड झाली होती. जुन्या मालकाचं शिफारसपत्र आज संध्याकाळपर्यंत पोचलं नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. हे ती आठवडाभर सांगत होती. मामा आठवडाभर "उद्या लिहितो" म्हणत होते.

"सदर"

खोडलं.

या कार्यशाळेत चांगलं म्हणायची पद्धतच नव्हती. भिंतीला टेकून पाय उभे असायचे, प्रत्येकाला कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी. माणूस पाय घालून गेला आणि परत फिरकला नाही, की काम जमलं. काचतो, डुगडुगतो, म्हणत आला, की नाही जमलं. याहून वेगळ्या मापाने मामांनी कुणाला मोजलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"हिने बनवलेले पाय परत येत नाहीत."

एवढं लिहून ते खुर्चीत मागे टेकले. सकाळपासून पहिल्यांदाच. कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला.

तिने वाचला. "मामा, तिथले डॉक्टर विचारतील, मग ही माणसं जातात कुठे? वर?"

"ज्याला कळतं त्याला कळेल."

"नाही कळत तिथे कुणाला. तिथे 'उत्कृष्ट' लागतं. लिहा ना, उत्कृष्ट. एक शब्द. जीभ झडणार आहे का?"

"उत्कृष्ट म्हणजे काय?"

"म्हणजे चांगलं! इतकी वर्षं राबले इथे, एकदा तरी म्हणालात, पोरी, चांगलं झालं?"

"मी कधी तुझं काम परत आणून तुझ्यापुढे टाकलं?"

"नाही."

"मग?"

नवा कोरा कागद तिनेच काढला आणि त्यांच्यापुढे आपटला.

"तिच्या हातून गेलेला एकही पाय आजवर परत"

लिहिता लिहिता मामांनी टेबलाखाली डावा पाय लांब केला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली बनवलेला होता. आधीचे सगळे त्यांनी स्वतःच बनवून घातले होते. हा भाचीच्या हातचा.

"आता तरी सांगा तिला," मामी म्हणाली.

"काय सांगा?" भाचीने विचारलं.

"काही नाही. मी पत्र लिहितोय ना?"

"काही नाही कसं?" मामीचा आवाज चढला. "दोन महिने रोज मलम लावतेय मी. गुडघ्याखालचं साल निघालंय. मोजा रक्ताने चिकटतो, तो भिजवून काढावा लागतो. आणि मला दम, खबरदार बोललीस तर! पोरीचं जायचं ठरतंय, तिचा पाय परत आला असं व्हायला नको."

मामांनी पेन पुन्हा त्याच ओळीवर टेकवलं.

भाचीने पर्स खुर्चीवर फेकली. "काढा."

"अगं, उशीर होईल, ते ऑफिस बंद—"

"काढा म्हणते ना!"

मामा उठले, गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले, पट्टा सोडून पाय काढला. ती खाली बसली. मोजा तिने स्वतःच उतरवला, हळूहळू, तोंड मात्र चालूच होतं. "आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर माझी अब्रू राखायची. कुणी सांगितलं होतं?" मग जखम दिसली आणि ती थांबली. बोट कडेने फिरवलं. "मांस झडलंय इथलं. हाड टेकतंय बनवलेल्या पायाच्या वाटीला. थोडं घासलं असतं तर भागलं असतं. पहिल्याच दिवशी."

"चाललो ना पण तुझ्या पायावर?" मामा म्हणाले.

"लंगडत."

काढलेल्या पायाच्या वाटीत आतून पेन्सिलीची खूण करून तो घेऊन ती घासायच्या मशीनकडे गेली. मशीन घरघरलं. पांढरी भुकटी उडून तिच्या बाहेर जायच्या कपड्यांवर बसू लागली. बाकावर मामांच्या विजारीची एक बाजू रिकामी लोंबत होती. तिथून ना टेबल गाठता येत होतं, ना पेन.

मामी त्यांच्या खुर्चीत बसली. अर्धवट कागद तिने बाजूला सारला, दुसरा घेतला. "सांगा, मी लिहिते. निदान अक्षर तरी लागेल."

मामा मशीनवर वाकलेल्या पाठीकडे बघत राहिले. मग त्या एका शब्दासाठी ओठ हलले.

"काय?" मामी म्हणाली.

पुन्हा हलले.

"मलाही ऐकू आलं नाही," भाची म्हणाली. तिने मान वळवली नाही. मशीनही बंद केलं नाही. "मोठ्यांदा."